पाठीवरची गाठ, मनातल्या गाठी

आमच्या काळेवाडीतल्या गल्लीतून दुपारी एकच्या सुमाराला एक बाई रोज लगबगीनं जाताना दिसायची. हातात लहानशी कापडी पिशवी, डोक्यावर पदर, नजर खाली. पाऊण तासानं परत यायची. सुरुवातीला मला वाटलं, नवऱ्याला डबा पोचवायला जात असेल. पण डबा मावेल एवढी काही ती पिशवी नव्हती. शेवटी बचत गटाचा हप्ता द्यायला ती घरी आली, तेव्हा न राहवून विचारलंच, "अगं, रोज भर उन्हात जातेस कुठं?" ती घुटमळली. मागं वळून दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, कुणाला बोलू नका. पोरीच्या शाळेत जाते. तिला शू करवायला."

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. पाढे तोंडपाठ, चित्रं सुरेख काढते. पायात आधाराचे बूट आहेत, चालताना थोडी झोकांडते. पण तिचा खरा प्रश्न चालण्याचा नाहीच. लघवी आली हे तिला कळत नाही, कारण ते कळवणाऱ्या नसा जन्मापासूनच नीट जोडल्या गेलेल्या नाहीत. म्हणून दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. सकाळी घरी, दुपारी शाळेत, संध्याकाळी पुन्हा घरी. पिशवीत असायचं ते एवढंच: नळी, साबण, पाण्याची बाटली आणि धुतलेला रुमाल. आणि ही पिशवी ती बाई चार वर्षं चोरीचा माल असल्यासारखी पदराखाली लपवून नेत होती.

का लपवत होती? ते समजायला मुलीच्या जन्माकडे जावं लागेल. कुटुंब मूळचं लातूरकडचं. नवरा चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामगार. बाळंतपणाला ती माहेरी गेली होती. बाळ जन्मलं आणि सुईणीपासून मावशीपर्यंत सगळ्यांचे चेहरे पडले. बाळाच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, पेरूएवढी गाठ होती. वरची कातडी इतकी पातळ, की आतलं पाणी दिसावं. बाळ कसं आहे, हे विचारायच्या आधी तिला विचारलं गेलं, "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?"

झालं! त्या एका प्रश्नानं तिची झोप उडाली ती उडालीच. ग्रहण कधी होतं? आपण विळीला हात लावला होता का? सुईत दोरा ओवला होता का? सासूबाई तर थेटच म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही." पोर नऊ वर्षांची झाली तरी तिची आई मनातल्या मनात ते ग्रहण शोधतेच आहे. पाठीवरची गाठ डॉक्टरांनी काढली, पण ही मनातली गाठ कुणी सोडवायची?

मी कलाशाखेची पदवीधर. शास्त्र विषयाशी दहावीनंतर माझा संबंध सुटलेला. पण हे ऐकल्यावर गप्प बसवेना. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं, आणि जे समजलं ते घरच्या भाषेत सांगते.

या दोषाला डॉक्टर 'स्पायना बायफिडा' म्हणतात. बायफिडा म्हणजे दुभंगलेला. गर्भ अगदी सुरुवातीला असतो तेव्हा त्याच्या पाठीवर एक सपाट पट्टी असते. ही पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते आणि कडा एकमेकींना चिकटून तिची नळी बनते. आपण करंजीच्या कडा दुमडून चिकटवतो, अगदी तसंच. त्या नळीच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो आणि खालच्या भागाचा मज्जारज्जू. करंजीची कड एखाद्या जागी चिकटायची राहिली, तर तिथून सारण बाहेर येतं. तसंच इथंही होतं. पाठीच्या भागात नळी उघडी राहिली, तर त्या जागी मणक्याची हाडं जुळत नाहीत आणि मज्जारज्जू त्याच्या आवरणासकट बाहेर येतो. तीच ती गाठ. गाठीत नुसतं आवरण आणि पाणी असेल, तर त्रास कमी. मज्जारज्जूच आला असेल, तर त्या जागेच्या खालच्या नसा दुबळ्या राहतात. मग पाय, लघवी, शौच यांच्यावर परिणाम होतो. गाठ जितकी वर, तितका त्रास जास्त.

तिसरा प्रकार झाकलेला असतो. बाहेरून गाठ दिसत नाही. कधी नुसता केसांचा झुपका, कधी खोल खळगा, कधी लालसर डाग किंवा मऊ चरबीचा उंचवटा. कमरेवर केसांचा झुपका असलेलं बाळ नशीबवान, असं म्हणून आपल्याकडे कौतुकही होतं! पुष्कळांना यातून काहीच त्रास होत नाही. पण काहींचा मज्जारज्जू आत खाली चिकटून बसलेला असतो आणि मूल वाढायला लागलं की तो ताणला जातो. तेव्हा बाळाला न्हाऊमाखू घालताना कमरेवर असं काही दिसलं, तर काजळाची तीट लावून मोकळं होऊ नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता ग्रहणाचं. ही नळी मिटते ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांच्या आत. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात, तोवर सगळं घडून गेलेलं असतं. बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात विळीनं भोपळा चिरल्यामुळे दुसऱ्या महिन्याच्या आत घडलेली गोष्ट कशी बदलेल? कारणं वेगळी आहेत. आईच्या शरीरात फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाची कमतरता, बी-१२ ची कमतरता, काही प्रमाणात आनुवंशिकता, ताब्यात नसलेला मधुमेह, फिटसाठी दिली जाणारी व्हॅल्प्रोएटसारखी औषधं. (ज्यांना फिट येतात त्यांनी हे वाचून औषध परस्पर बंद करू नये. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.) आणि कितीतरी वेळा कारण सापडतच नाही. आपल्या देशातल्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की मेंदू आणि मज्जारज्जूच्या अशा दोषांचं प्रमाण हजार जन्मांमागे चारच्या आसपास आहे. एवढी बाळं जन्मतात, म्हणजे एवढ्या आया आपापलं ग्रहण शोधत बसलेल्या असणार.

या २८ दिवसांचा हिशेब कळल्यावर मला आपल्या व्यवस्थेतली एक मोठी फट दिसली. आपल्याकडे गरोदर बाईला फोलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. आशाताई देतात, दवाखान्यात फुकट मिळते. पण कधी? नाव नोंदवल्यावर. आणि नाव नोंदवायला आपण जातो कधी? दुसरा-तिसरा महिना उलटल्यावर. "तीन महिने कुणाला सांगू नये," ही तर आपली घरोघरची रीत. म्हणजे दार बंद झाल्यावर कुलूप आणायला निघाल्यासारखंच झालं. ही गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून, निदान एक महिना आधी सुरू करायची असते आणि पुढे तीन महिने चालू ठेवायची असते. रोज ४०० मायक्रोग्रॅम एवढं प्रमाण पुरतं. आधीचं बाळ असं झालं असेल, तर मात्र साधारण दहापट डोस लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीनं सिद्ध केलं. सात देशांतल्या, आधी असं बाळ झालेल्या स्त्रिया त्यात होत्या. गोळी घेणाऱ्यांमध्ये पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं.

या जीवनसत्त्वाची एक कहाणी वाचून तर मी हळहळलेच. त्याचा पहिला माग लागला तो आपल्या मुंबईत! १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. इथल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत होता. त्या काय खातात, कशा राहतात, याचा तिनं अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कानं, मार्माइट नावाच्या साध्या स्वस्त पदार्थानं, त्या बऱ्या होतात हे १९३१ साली जगाला सांगितलं. त्या अर्कात जे काही होतं, त्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पानावरूनच त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तातून जी गोष्ट जगाला कळली, तीच आज चाकण-भोसरीच्या कामगारांच्या बायकांपर्यंत वेळेवर पोचत नाही, याला काय म्हणावं?

अमेरिकेनं १९९८ पासून कणकेत, पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. तिथं अशा बाळांचं प्रमाण घटलं. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनंही सगळ्या देशांना धान्य-मिठात अशी जीवनसत्त्वं मिसळण्याचं आवाहन करणारा ठराव केला. आपल्याकडे अडचण अशी, की आपण गहू आणतो, निवडतो आणि कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणतो. त्या पिठात कोण काय मिसळणार? म्हणून आपल्याला गोळीचाच आधार. आणि फक्त फोलिक अ‍ॅसिडवर थांबून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. डॉ. कौमुदी गोडबोले, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मज्जारज्जूचा दोष असलेल्या बाळांच्या आयांमध्ये शरीराला वापरता येणारं बी-१२ कमी दिसलं. बी-१२ भाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आणि आपल्या घरात दूध आधी मुलांना, मग चहाला, मग सासऱ्यांना. सुनेच्या वाट्याला काय उरतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच!

हे झालं आधीचं. आता मधलं. बाळाच्या पाठीवर उघडी गाठ असेल, तर जन्मानंतर शक्यतो दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करून ती बंद करावी लागते, नाहीतर जंतुसंसर्गाची भीती. तोवर गाठीवर हळद, राख, तेल काहीही लावायचं नाही. स्वच्छ ओलसर कापडानं झाकून, बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवून मोठ्या रुग्णालयात न्यायचं. ऑपरेशननं पुढचं नुकसान थांबतं. जन्माआधीच दुबळ्या राहिलेल्या नसा मात्र त्यानं परत येत नाहीत, हे आईवडिलांना त्याच वेळी समजावून सांगायला हवं. बऱ्याच बाळांच्या मेंदूत पाणी साठतं. मग डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक नळी टाकतात, तिला शंट म्हणतात.

या शंटची गोष्ट मी आमच्या गल्लीतल्या टूलरूमवाल्या काकांना सांगितली, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. १९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका कारागिराला स्पायना बायफिडा असलेला मुलगा झाला. तो कुलपं बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यातलं पाणी एकाच दिशेनं वाहू देईल अशी झडप मिळत नाहीये. होल्टर घरी गेला आणि काही आठवड्यांत स्वतःच्या हातांनी झडप बनवून घेऊन आला. डॉ. युजीन स्पिट्झ यांनी १९५६ मध्ये ती वापरायला सुरुवात केली. होल्टरचा स्वतःचा मुलगा काही वर्षांतच गेला, पण त्याच्या बापाच्या झडपेनं जगभरातली हजारो मुलं वाचली. आमच्या या पट्ट्यात तर घरटी एक फिटर, टर्नर, मशिनिस्ट. त्यांना मी सांगते, आजारी मुलाचं करणं हे फक्त आईचं काम नाही. बापाचे हातही त्यात लागू शकतात!

सोनोग्राफीचंही सांगायला हवं. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या तपासणीत हा दोष बहुतेक वेळा दिसतो. म्हणून "पैसे जातात" म्हणून ती टाळू नका. दोष गंभीर असेल तर काय करायचं, हा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात कायदेशीर आहे. कुणी तो रस्ता घेतला तर तिला पापी म्हणू नये, आणि कुणी मूल ठेवलं तर तिला वेडी म्हणू नये. माझं म्हणणं एवढंच, की निर्णय पूर्ण माहितीवर व्हावा. 'मांसाचा गोळा होईल' असं सांगून घाबरवणंही चूक आणि 'देव करेल बरं' म्हणून गप्प बसणंही चूक. यातल्या कितीतरी मुलांची बुद्धी चांगली असते. ती शिकतात, नोकरी करतात.

आता येते नंतरच्या आयुष्यावर, जे खरं तर सगळ्यात मोठं आणि ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आमच्या त्या बाईला ऑपरेशननंतर कागद मिळाला, टाके काढायची तारीख मिळाली, पण मुलीच्या लघवीचं काय, हे कुणी नीट सांगितलं नाही. "मोठी झाली की सुटेल" असं एकानं सांगितलं. ती पाच वर्षं लंगोट धूत राहिली. मग वारंवार ताप यायला लागला आणि तपासण्या केल्यावर कळलं, की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. लघवी आत तुंबते आणि तिचा दाब मूत्रपिंडांवर येतो. अशा मुलांच्या जिवाला पुढे धोका होतो तो बहुतेकदा मूत्रपिंडांमुळेच. आणि तो टाळण्याचा उपाय काय? काही रुपयांची एक नळी! १९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही. साबणानं धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि वेळ न चुकवणं एवढं पुरतं. जे काम आई घरात करू शकते आणि सात-आठ वर्षांचं मूल शिकवल्यावर स्वतःही करू शकतं, ते शिकवायला पाच वर्षं कुणाला वेळ मिळाला नाही.

अशाच आणखी किती तरी लहान गोष्टी. पायाला संवेदना नाही, म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर अनवाणी गेली तर भाजतं आणि कळतही नाही. रोज रात्री तळपाय बघायचे. सारखं बसून राहिल्यानं जखमा होतात. शौचाची वेळ लावून द्यावी लागते. रबराची अ‍ॅलर्जी या मुलांमध्ये बऱ्याचदा होते, म्हणून वाढदिवसाला फुगेसुद्धा जपून, आणि कुठल्याही ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना ते सांगायचं. उंची वाढण्याच्या वयात चाल बिघडली, पाय वाकायला लागले, कंबर दुखली, लघवीची सवय बदलली, तर मज्जारज्जू पुन्हा चिकटून ताणला जात असेल. तेव्हा वाट बघायची नाही. शंट असलेलं मूल उलट्या करायला लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, पेंगायला लागलं, तर पित्त झालं म्हणून घरी ठेवायचं नाही, तडक दवाखान्यात.

हे सगळं करायचं म्हणजे मेंदूचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, हाडांचे वेगळे, व्यायामाचे वेगळे. प्रत्येकाचा वार वेगळा, केसपेपर वेगळा, रांग वेगळी. कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि महिन्यात तीन खाडे झाले तर ठेकेदार दुसरा माणूस बघतो. मग आईच एकटी पोरीला कडेवर घेऊन बस बदलत फिरते, आणि एक दिवस फिरणंच सोडते. आपण म्हणतो, "अडाणी लोक, फॉलोअपला येत नाहीत." येतील कसे?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आपण स्पायना बायफिडाचा उपचार म्हणजे ऑपरेशन असं धरून बसलोय, तिथंच चुकतंय. ऑपरेशनसाठी योजना आहेत, खर्चही पुष्कळदा भागतो. पण ऑपरेशनच्या आधीची गोळी आणि ऑपरेशननंतरची नळी, या दोन्ही स्वस्त गोष्टी कुणाच्याच खात्यात नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या मज्जारज्जूच्या दोषाचा समावेश आहे. म्हणजे कागदावर आपण ओळखतो. पण ओळखल्यावर पुढची अठरा वर्षं त्या आईचा हात कुणी धरायचा? २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्पायना बायफिडाचं वेगळं नाव नाही. प्रमाणपत्र मिळतं ते हालचालीच्या अपंगत्वाचं, पायाकडे बघून. चालता येणारी पण लघवी न कळणारी मुलगी त्यात किती टक्के बसते, सांगा!

मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, महिन्यातून एक दिवस, एकाच छताखाली सगळे डॉक्टर, आणि तोही सुट्टीच्या वारी. मुंबईत बालशल्यचिकित्सक डॉ. संतोष करमरकर यांच्या पुढाकारानं स्पायना बायफिडा फाउंडेशननं अशा कुटुंबांसाठी सगळे तज्ज्ञ एकत्र आणण्याचं काम केलंय. एवढ्या मोठ्या आपल्या उद्योगनगरीत ते का होऊ नये? दुसरी, या मुलांना नळ्या फुकट मिळाव्यात, जसा मधुमेही मुलांना इन्सुलिनचा हक्क मागतो तसाच. तिसरी, प्रत्येक शाळेत कडी लागणारं, पाणी असलेलं, आत एक लहान स्टूल आणि खुंटी असलेलं एक स्वच्छतागृह. हे तर कुठल्याही नगरसेवकाच्या निधीतून होईल. आणि त्याचा फायदा पाळी आलेल्या प्रत्येक मुलीलाही होईल, हे वेगळंच.

शाळेचा अनुभव काय सांगू? एका शाळेनं या मुलीला प्रवेशच नाकारला होता. "वास येईल, इतर पालक तक्रार करतील," म्हणाले. दुसऱ्या शाळेनं घेतलं, पण आईनं रोज यायचं या अटीवर. मी तिच्या वर्गशिक्षिकेला जाऊन भेटले. त्या बिचाऱ्या स्वतःच घाबरलेल्या. "मला वाटलं, काही संसर्गाचं असेल." कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धा तास बसून समजावलं, आईनं पिशवी उघडून दाखवली. बाई उठून म्हणाल्या, "एवढंच? मग माझ्या कपाटात ठेवत जा की पिशवी." चार वर्षांत ज्या गोष्टीची लाज वाटली, ती अर्ध्या तासात कपाटात जागा मिळवून बसली.

या संक्रांतीला आमच्या बचत गटानं हळदीकुंकवाला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना आणि आशाताईंना बोलावलं. लग्न ठरलेल्या मुली, नव्या सुना, त्यांच्या सासवा, सगळ्यांना. वाणाबरोबर एकेक चिठ्ठी दिली: 'मूल हवंय? गोळी आधी.' एक आजीबाई उसळल्याच, "लग्नाआधीच गोळ्या घ्यायच्या म्हणजे? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "आजी, लोणच्याला मीठ बरणी भरायच्या आधी लावतात की बुरशी आल्यावर?" हशा पिकला. पण दोन दिवसांनी त्याच आजी नातसुनेला घेऊन दवाखान्यात गेल्याचं आशाताईंनी सांगितलं. आम्ही गोळ्या वाटल्या नाहीत, कारण कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी बघायचं. आम्ही फक्त योग्य वेळी दारापर्यंत नेलं.

मैत्रिणींनो, तुमच्या वाडीत, सोसायटीत, कंपनीच्या कॉलनीत असं एखादं मूल असेलच. त्याच्या आईला ग्रहण विचारू नका. तिला विचारा, "दुपारी शाळेत कोण जातं? एखादा दिवस मी सोबत येऊ का?" तुमच्या घरात लग्नाची मुलगी असेल, तर मुहूर्त काढायला जाल त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडेही न्या. हिमोग्लोबिन, बी-१२ बघा, फोलिक अ‍ॅसिडबद्दल विचारा. रुखवतात काय ठेवायचं याची चर्चा आपण महिनाभर करतो. त्यातली दहा मिनिटं यासाठी काढली तरी पुष्कळ.

आणि हो, ती बाई आता दुपारी आमच्या गल्लीतून जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत आरशासमोर बसून मुलगी स्वतः नळी घालायला शिकली. पहिल्या दिवशी रडली, चौथ्या दिवशी आईलाच म्हणाली, "तू बाहेर थांब." पिशवी आता तिच्या दप्तरात असते. आईनं दुपारच्या वेळात शिवणाचं मशीन घेतलंय. परवा भेटली, तर पहिल्यांदाच डोक्यावर पदर नव्हता आणि नजरही खाली नव्हती. म्हणाली, "ताई, पेपरात लिहिताय ना? लिहा. नाव नका घालू, पण ग्रहणाचं तेवढं खोटं आहे, हे मोठ्या अक्षरात लिहा."

लिहिलं बघ गं.